आपाचा फोन मरत नाही

आईची सोय करायला निघालेल्या मुलाला अडवू नये म्हणतात. पण त्या रविवारी मिक्तिबेकला कुणीतरी अडवायला हवं होतं. निदान त्याच्या बायकोनं, बुरुलायनं तरी. पण बुरुलाय त्या वेळी स्टूल धरून उभी होती, आणि स्टूल धरणाऱ्या बायकोचं मत जगात कुठेच विचारत नाहीत. वर मिक्तिबेक, हातात ड्रिल, तोंडात दोन स्क्रू, आणि छताच्या कोपऱ्यात बशीएवढं पांढरं यंत्र.

"जरा डावीकडे," बुरुलाय म्हणाली.

"डावी-उजवी काय करतेस? नेम तोरावर बसला पाहिजे," मिक्तिबेक स्क्रूंच्या फटीतून म्हणाला.

तोर म्हणजे खोलीतली दारापासून सगळ्यात लांबची जागा. मानाची. तिथे घरातलं सगळ्यात मोठं माणूस बसतं, आणि मिक्तिबेकच्या घरात तिथे आपा बसायची. आपा म्हणजे त्याची आई. वय एकोणऐंशी, डोक्याला पांढरा रुमाल, गुडघे अधू, जीभ शाबूत. ती सकाळी एकदा तिथे गाद्यांवर बसली की दुपारच्या जेवणापर्यंत फक्त आवाज हलायचा. आता या जागेची गोम अशी की तिथे प्लगच नाही. इमारत बांधणाऱ्यांनी प्लग ठेवला तो दाराशी, कपाटामागे. म्हणजे मान एकीकडे आणि वीज दुसरीकडे. आपाचा फोन दिवसातून एकदा तरी बंद पडायचा, मग कुणीतरी तो उचलून दाराशी न्यायचा, आणि फोन परत येईपर्यंत आपा गप्प बसायची.

मिक्तिबेकला हे बघवत नसे. एक तर तो घरातला धाकटा मुलगा, आणि आमच्यात आईबाप धाकट्याकडेच राहतात. दुसरं म्हणजे तो बिश्केकच्या सातव्या वसाहतीतल्या शाळेत बावीस वर्षं फिजिक्स शिकवत होता. म्हणून बाजारात जेव्हा त्याला हे यंत्र दिसलं, तेव्हा त्याच्या छातीत मुलगा आणि मास्तर दोघंही एकदम उठून उभे राहिले. वायर नाही, प्लग नाही. छतावरून डोळ्यांना न दिसणारा उजेडाचा झोत येणार, फोनच्या पाठीला लावलेल्या पातळ पाकिटावर पडणार, आणि चार मीटरवरून फोन भरणार! मध्ये हात आला, मांजर आलं, माशी आली, तर झोत डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद. कुणालाही काही इजा नाही. विकणारा शपथेवर म्हणाला होता. त्याची शपथ खरी होती, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात त्या बिचाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता.

"आपा, आजपासून तुझा फोन कधी मरणार नाही," स्टुलावरून उतरत मिक्तिबेक म्हणाला.

"कधीच नाही?" आपानं विचारलं.

"कधीच नाही!"

आपा बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अल्ला तुझं भलं करो, लेकरा." तिचा सूर थोडा खाली लागला होता, पण मिक्तिबेक तेव्हा खाली पडलेला चुना झाडत होता. सूर ऐकणाऱ्यांनी चुना झाडू नये.

पहिले तीन दिवस सुखाचे गेले. चौथ्या दिवशी आपाचा गुडघा दुखायला लागला.

"गुडघा चौदा वर्षांपासून दुखतोय, आपा," मिक्तिबेक म्हणाला.

"तो डावा. हा उजवा. किरणांकडचा."

पाचव्या दिवशी चहा पांचट लागायला लागला. सहाव्या दिवशी स्वप्नात तिचे वारलेले सासरे घोड्यावरून आले आणि काही न बोलता छताकडे बोट दाखवून गेले. मिक्तिबेकनं तिला समजावलं. बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावून समजावलं. म्हणाला, आपा, हा उजेडच आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही, तंदूरची ऊब दिसते का? तशी ही. मग त्यानं प्रयोग केला. एक कच्चं अंडं पाकिटाच्या शेजारी ठेवलं, दिवसभर ठेवलं, आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर बशीत फोडलं. अंडं जसंच्या तसं कच्चं.

"बघ! काही झालं का अंड्याला?"

आपानं अंड्याला बोट लावलं. "गार पडलंय," ती म्हणाली. "जीव ओढून घेतला त्याचा."

सातव्या दिवशी तिनं आपलं गाठोडं बांधलं आणि गादीशेजारी ठेवलं. "मी नारिनला जाते. थोरल्याकडे."

आता तुम्हाला वाटेल, म्हातारी थोरल्या मुलाकडे चार दिवस राहून येईल, त्यात काय एवढं? अहो, त्यातच सगळं. धाकट्याच्या घरातून आई उठून थोरल्याकडे गेली, की लोक कारण विचारत नाहीत. कारण त्यांना आधीच माहीत असतं. सुनेनं उपाशी ठेवलं, मुलगा हात वर करून मोकळा झाला, वगैरे. मग मिक्तिबेकनं वर्गात न्यूटन सांगितला काय आणि न सांगितला काय, मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा मनात म्हणणार, ज्याला स्वतःची आई धरून ठेवता येत नाही तो गुरुत्वाकर्षण काय शिकवणार! आणि लोकांचं सोडा. मिक्तिबेकला आई हवी होती. संध्याकाळी घरात शिरल्यावर तोरावर पांढरा रुमाल दिसला नाही, तर आपण चपला काढून पुढे कुठे जायचं, हेच त्याला सुचेना.

"नूरुझपर्यंत थांब. सणाला विहीणबाई येणार आहेत. त्यांच्यासमोर तरी घर सोडू नकोस," तो काकुळतीनं म्हणाला.

विहीणबाईंचं नाव ऐकल्यावर आपानं एक खोल उसासा टाकला आणि गाठोडं पायाशी ओढून घेतलं. नूरुझला दोन आठवडे होते. थांबते म्हणाली, पण गाठोडं सोडलं नाही.

घरातली गोष्ट घरात राहिली असती तर एक वेळ निभावलं असतं. पण खालच्या मजल्यावर रोझा एजे राहते. एजे म्हणजे ताई, पण या इमारतीत तो हुद्दा आहे. जिन्याचा झाडू, गच्चीची किल्ली आणि सगळ्यांच्या घरातल्या बातम्या तिच्याच ताब्यात. मार्च महिना, त्यामुळे तिच्या खिडकीत टोमॅटोची रोपं दह्याच्या डब्यांत लावलेली, आणि त्यातली चार माना टाकून पडलेली.

"मिक्तिबेक, तुझे किरण फरशीतून खाली येतात," रोझा एजेनं त्याला जिन्यातच गाठलं.

"एजे, ते फरशीतून जाऊ शकत नाहीत. कागदातूनसुद्धा जात नाहीत."

"मग माझी रोपं काय हौस म्हणून मेली?"

"तुम्ही पाणी जास्त घालता."

हे वाक्य मिक्तिबेकनं बोलायला नको होतं. बाईला एक वेळ तिचं वय जास्त सांगा, पण रोपांना पाणी जास्त सांगू नका. दुसऱ्या दिवशी रोझा एजेनं सतरा सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातलं एक कुटुंब दोन वर्षांपूर्वीच मॉस्कोला गेलं होतं, पण त्यांनाही किरणांचा त्रास होत होता. सह्यांमध्ये मिक्तिबेकचे पाच माजी विद्यार्थी होते. पाचही जणांना त्यानं फिजिक्समध्ये पाचपैकी तीन देऊन ढकललं होतं, आणि आता त्याला वाटायला लागलं, दोनच देऊन नापास करायला हवं होतं.

सल्ल्यांनाही तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या वालेरीनं छताखाली तीन लिटरच्या बरण्यांत पाणी भरून ठेवायला सांगितलं, पाणी किरण पितं म्हणून. कुणी मीठ सांगितलं. कुणी सांगितलं, यंत्राला मेंढीच्या लोकरीचं टोपडं घाला. शाळेतल्या रसायनच्या बाईंनी तर "मला असल्या गोष्टींत मत द्यायचं नाही" असं सांगून अर्धा तास मत दिलं.

मिक्तिबेक स्वाभिमानी माणूस. तो म्हणाला, सरकारी कागदच आणतो. किरण निरुपद्रवी आहेत असा शिक्क्याचा कागद आपाच्या हातात दिला, की ती गाठोडं सोडेल. आपाचा मुलावर विश्वास नसला तरी शिक्क्यावर होता. तिच्या पिढीचं असंच आहे.

तो कचेरीत गेला. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "रेडिओ की एक्स-रे?"

"दोन्ही नाही. अवरक्त. म्हणजे उजेडाचाच भाऊ."

"भाऊबंदांचा फॉर्म नाही आमच्याकडे. उजेड असेल तर चार नंबरला जा."

चार नंबरवाल्यानं विचारलं, उजेड दिसतो का? मिक्तिबेक म्हणाला, नाही. मग तो उजेड कसा? मिक्तिबेकनं खिडकीच्या गजातून वर्णपट समजावायला सुरुवात केली, मागे रांग वाढली, आणि एक आजोबा म्हणाले, "मास्तर, आम्हाला पेन्शनचं काम आहे हो." शेवटी अर्ज घेतला गेला तो "घरातील उजेडाबाबत तक्रार" या सदराखाली. तक्रार करणारा मिक्तिबेक, आणि तक्रार मिक्तिबेकविरुद्ध.

आठवड्यानं निरीक्षक आला. सभ्य माणूस, पायात मोजे नवे. हातात उजेड मोजायचं यंत्र. त्यानं चहा घेतला, तळलेले बोर्सोक खाल्ले, आपाला तब्येत विचारली. आपानं उजवा गुडघा सांगितला. रोझा एजे आमंत्रण नसताना दारात उभी होती. निरीक्षकानं चार कोपऱ्यांत यंत्र धरलं, आकडे लिहिले, डोकं हलवलं.

"गंभीर आहे," तो म्हणाला.

"बघा!" रोझा एजे म्हणाली.

"खोलीत उजेड फार कमी आहे. वाचायला अपुरा. बल्ब मोठा लावा." आणि त्यानं शिक्का मारून कागद दिला.

कागदावर किरणांचं नावही नव्हतं. पण शिक्का होता, आणि शिक्क्याच्या वर "आरोग्यास अपायकारक" असे शब्द होते. आपानं तो कागद घडी घालून गाठोड्यात ठेवला. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत झालं, मिक्तिबेकच्या घरात सरकारला काहीतरी सापडलं.

आपानं मग स्वतःच उपाय हाती घेतला. तिनं बुरुलायला आदिराशमान पेटवायला सांगितलं. दृष्ट लागली, ताप आला, परीक्षा आली, की आमच्याकडे ही सुकी वनस्पती जाळून घरभर धूर करतात. धूर छताशी गेला. यंत्राला वाटलं, मध्ये कुणीतरी माणूस आला. त्यानं झोत बंद केला, लाल दिवा लावला आणि चिमणीसारखं ओरडायला लागलं.

"पळाला सैतान!" आपा म्हणाली. किती तरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता.

"आपा, ते त्याचं सुरक्षेचं काम करतंय! उलट चांगलं आहे!" मिक्तिबेक खोकत ओरडला.

"चांगलं असतं तर धुराला भ्यायलं नसतं," आपा म्हणाली, आणि याला फिजिक्सच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही.

असं करत नूरुझ आला. आणि नूरुझबरोबर तोकमोकहून विहीणबाई आल्या, कनिशाय त्यांचं नाव. मिक्तिबेकची बहीण त्यांच्या घरी दिलेली. बाई मनानं चांगल्या, अंगानं भरल्या आणि बोलण्यात अखंड. आमच्यात म्हणतात, जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा. म्हणजे व्याह्यांचा मान हजार वर्षं सांभाळायचा. कनिशायबाई त्या हजार वर्षांचा हिशेब रोजच्या रोज फोनवर घेत. त्या दिवशी त्यांना अर्थातच तोरावर बसवलं, आपाच्या शेजारी. जेवणाचा दस्तरखान पसरला, मेंढी कापली होती, पाहुणे बारा.

मिक्तिबेकच्या डोक्यात एक बेत होता. विहीणबाईंसारख्या मोठ्या माणसानं यंत्राचं कौतुक केलं, तर आपाला त्याविरुद्ध ब्र काढता येणार नाही. आणि मग गाठोडं आपोआप सुटेल. त्यानं जास्तीचं एक पाकीट विहीणबाईंच्या फोनला लावलं आणि फोन त्यांच्यासमोर ठेवला. "आता बघा गंमत, विहीणबाई. वायर नाही, काही नाही."

सगळे बघायला लागले. काहीच होईना.

कारण चहा. आमच्याकडे पियाला अर्धाच ओततात. अर्धा पियाला म्हणजे, बसा, आणखी घ्या, आम्हाला तुमच्यासाठी उठबस करायला आवडतं. पाहुणा पियाला संपवतो, हातोहात तो दाराशी चहाच्या समोवारजवळ बसलेल्या सुनेकडे जातो, ती अर्धा ओतते, हातोहात परत येतो. बारा पाहुणे, म्हणजे दस्तरखानावर पियाल्यांची ये-जा अखंड. आणि प्रत्येक पियाला, प्रत्येक हात त्या झोताच्या आड येत होता. यंत्र इमानी. कुणालाही भाजू नये म्हणून दर दोन सेकंदांनी विझत होतं.

"गंमत कधी आहे?" विहीणबाईंनी विचारलं.

मिक्तिबेकला घाम फुटला. तो सरकत सरकत बुरुलायपाशी गेला आणि कुजबुजला, "अगं, चहा थांबव जरा."

"चहा थांबव? पाहुण्यांचा?" बुरुलायनं त्याच्याकडे, याला ताप आलाय की काय, अशा नजरेनं बघितलं.

"मग एकेकाला जास्त ओत. म्हणजे फेऱ्या कमी होतील. पाच मिनिटं, फक्त पाच!"

बुरुलायचा चेहरा पांढरा पडला. "अहो, पण..."

"ओत म्हणतो ना!"

सोळा वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं इतकं पटकन कधीच ऐकलं नव्हतं, आणि नेमकं त्या दिवशी ऐकलं. तिनं पियाला काठोकाठ भरला. तो हातोहात पुढे गेला. प्रत्येक हाताशी माणसं जरा जरा गप्प होत गेली, आणि शेवटी तो भरलेला पियाला विहीणबाईंसमोर टेकला.  भरलेल्या पियाल्याचा अर्थ आमच्यात एकच, आणि तो लहान पोरालाही कळतो: हा प्या आणि उठा.

झोताला आता कुणीच आड येत नव्हतं. विहीणबाईंच्या फोनवर हिरवा दिवा लागला आणि गोड आवाज झाला. फोन भरायला लागला होता. तिकडे कुणी बघितलंही नाही.

"बरं," विहीणबाई म्हणाल्या. इतका छोटा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला सगळ्यांनी. "आम्ही निघतो तर."

मिक्तिबेक उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.  एका पियाल्यात हजार वर्षं बुडत होती, आणि तोकमोकला बहिणीच्या घरी त्याचे पडसाद उमटणार होते.

तेवढ्यात आपानं विहीणबाईंचा हात धरला. "बसा, विहीणबाई. माझा लेक शिकलेला आहे, शहाणा नाही. त्या यंत्राच्या वाटेत पियाला येऊ नये म्हणून यानं भरून ओतायला लावला. तुमच्यापेक्षा त्या बशीचा मान राखला मेल्यानं." मग ती मिक्तिबेककडे वळली. "काढ ते. ज्याच्यापायी माझ्या विहिणीचा अपमान झाला, ते तिच्या पायाशी ठेव. घेऊन जाऊ दे तिला."

मिक्तिबेक स्टुलावर चढला. तीन आठवड्यांची लढाई, अंड्याचा प्रयोग, चार नंबरची खिडकी, सगळं दोन स्क्रूंवर लटकत होतं. त्यानं ते काढलं आणि दोन्ही हातांनी विहीणबाईंना दिलं. विहीणबाईंनी आधी नको नको म्हटलं, रीत म्हणून तीनदा, आणि चौथ्यांदा पिशवीत घातलं. भरलेला पियाला बुरुलायनं गुपचूप उचलला आणि अर्धा आणून ठेवला. गप्पा पुन्हा सुरू झाल्या. विहीणबाई संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

मिक्तिबेकला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. यंत्र गेलं, किरण गेले, आता आई राहील.

पुढचे चार दिवस घर शांत होतं. पाचव्या दिवशी सकाळी तो दाढी करून बाहेर आला, तर आपा दारात उभी. अंगात कोट, हातात गाठोडं.

"थोरल्याकडे जायचंय. मला नारिनला सोड."

मिक्तिबेकचा आवाज चढला. आईसमोर पहिल्यांदाच चढला. "आता काय राहिलं, आपा? छतावर भोकं उरलीत फक्त! सांग ना, या घरात तुला होतंय तरी काय?"

आपा कपाटाला टेकून खाली बसली. तिनं रुमालाचं टोक पिळलं. "किरणांचं काही नव्हतं रे," ती हळूच म्हणाली.

"मग?"

"विहीणबाई. रोज फोन करतात. दोन-दोन तास. त्यांच्या म्हशीपासून त्यांच्या दातापर्यंत. व्याह्यांना पुरे म्हणता येतं का? आणि खोटंही बोलता येत नाही, या वयात. पूर्वी बरं होतं. अर्ध्या तासात बिचारा फोन आपला आपण मरायचा. मी दुसऱ्या दिवशी म्हणायची, विहीणबाई, फोन मेला हो, आणि ते खरंच असायचं. तू छतावर ते लावलंस आणि माझा फोन मरेनाच. आता ते यंत्र तिकडे गेलं, तर त्यांचाही मरत नाही. माझा मेला की बुरुलायच्या, तुझ्या, सगळ्यांच्या फोनवर मला शोधतात. थोरल्याच्या गावात डोंगर आहे. तिथे फोनच लागत नाही."

मिक्तिबेकला हसावं की रडावं कळेना. "अगं, मग मला का नाही सांगितलंस? पहिल्याच दिवशी?"

"तू केवढ्या हौसेनं स्टुलावर चढला होतास," आपा म्हणाली. "विहिणीला पुरे म्हणता येत नाही, तर पोटच्या पोराला नको कसं म्हणू? म्हटलं, किरणांवर ढकलावं. किरणांना कुठे वाईट वाटणार आहे?"

मिक्तिबेक तिच्याशेजारी फरशीवरच बसला. आईला आपलं घर सोडून दोनशे मैल डोंगरात जाणं सोपं वाटलं, पण आपलं मन मोडणं सोपं वाटलं नाही, हे त्याला आत्ता कळलं. जरा वेळानं त्यानं डोळे पुसले आणि मास्तर पुन्हा जागा झाला.

"पण आपा, इतकं होतं तर फोन बंद का नाही केलास? तू केलास की आम्हीही आपापले करू. विहीणबाईंनी मग कुणालाही लावला तरी लागणार नाही."

"बंद?" आपानं विचारलं. "फोन जिवंत असताना बंद करता येतो?"

मिक्तिबेकनं कपाळावर हात मारला. बावीस वर्षं त्यानं परक्यांच्या पोरांना वीज शिकवली होती. पाच वर्षांपूर्वी आईला फोन आणून दिला होता. उचलायचा कसा, लावायचा कसा, सगळं दाखवलं होतं. त्यानं फोन हातात घेतला आणि कडेचं बटण दाखवलं. "हे दाबून धर. पाच मोजेपर्यंत."

आपानं दाबलं. तोंडातल्या तोंडात पाच मोजले. पडदा काळा झाला. तिनं फोन उलटा केला, हलवला, कानाशी नेला.

"हे खोटं तर नाही ना? बंद म्हणजे खरंच बंद?"

"खरंच बंद."

"एवढंसं बटण," आपा म्हणाली, "आणि तू छताला भोकं पाडत बसलास." मग तिनं गाठोडं बाजूला सारलं, फोन दोन्ही हातांत धरला, आणि विहीणबाई समोरच बसल्या असाव्यात अशा खऱ्याखुऱ्या दुःखाच्या सुरात तालीम करून पाहिली, "मेला हो, विहीणबाई! काय करणार, मेला!"